पहिले तीन महिने : कृष्णाकाठच्या मुलुखातला गर्भस्राव आणि त्याची कारणं

आजचा विषय जाहीर केला तेव्हा दोघाचौघांनी विचारलं, की हा डॉक्टरांचा विषय, इतिहासाच्या व्याख्यानात कशाला? आमचं म्हणणं असं, की राजे, लढाया, तह यांचा इतिहास आपण ऐकतो. पण जवळजवळ प्रत्येक घरात कधी ना कधी घडून गेलेली आणि कुठल्याच वंशावळीत न लिहिलेली जी गोष्ट, तिलाही इतिहास आहेच. पोट राहिलं आणि दोन-तीन महिन्यांत गेलं. ‘पोट पडलं’, ‘कच्चं गेलं’, ‘दिवस राहिले होते पण टिकले नाहीत’, अशा अर्ध्या वाक्यात आपण ती सांगतो आणि पुढचा प्रश्न लगेच येतो : काय केलं होतंस? काय उचललंस? कुठं गेली होतीस? हा प्रश्न कुठून आला आणि तो कितपत खरा आहे, हे आज पाहू.

टेबललँडच्या कड्यावरून पूर्वेकडे पाहिलं तर खाली कृष्णेचं खोरं दिसतं, वाई दिसते आणि वाईला लागूनच मेणवली. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा. या नानांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी राजकीय खेळी एका गर्भार बाईच्या पोटावर अवलंबून होती, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. पण आपण त्याचा हिशेब कधी करत नाही. तो करू.

नारायणराव पेशव्यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी. सवाई माधवरावांचा जन्म झाला १८ एप्रिल १७७४ रोजी. मूल पूर्ण दिवसांचं धरलं आणि आजच्या डॉक्टरी पद्धतीनं, म्हणजे शेवटच्या पाळीपासून आठवडे मोजले, तर खुनाच्या दिवशी गंगाबाई जेमतेम सात आठवड्यांच्या गर्भार होत्या. सात आठवडे! पाळी चुकून तीन आठवडे झालेले. गर्भ जाण्याची भीती सगळ्यात जास्त असते, तोच हा काळ. आणि त्या काळात या मुलीनं काय पाहिलं? शनिवारवाड्यात नवऱ्याचा खून. त्यानंतर त्याच चुलत्याची सत्ता, ज्याच्यावर खुनाचा आळ होता. पुढं जानेवारी १७७४ मध्ये बारभाईंनी त्यांना पुरंदरावर हलवलं, तेव्हा सातवा महिना लागला होता. किल्ल्यावर पहारे बसले. आणखी काही गर्भार बायकाही गडावर नेल्या, म्हणजे वेळ पडली तर मूल बदलता येईल, अशी वदंता इंग्रजांच्या लिखाणात उतरली. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफनंही आपल्या इतिहासात तिला जागा दिली. खरं-खोटं बाजूला ठेवू. पण अशी वदंता उठते यावरूनच कळतं, की गर्भ टिकतो की नाही याची धास्ती किती होती.

तर धक्का, शोक, भीती, प्रवास हे सगळं होऊनही तो गर्भ टिकला. उलट दुपारी पलंगावर बसून तूप-साखर खाणाऱ्या बाईचा गर्भ जाऊ शकतो. हे असं का, याचं उत्तर १७७३ मध्ये कोणाकडे नव्हतं. आज बरंचसं आहे.

आधी आपल्या जुन्या वैद्यांकडे जाऊ, कारण त्यांच्याविषयी दोन टोकांची मतं ऐकू येतात : त्यांना सगळं ठाऊक होतं, किंवा काहीच ठाऊक नव्हतं. दोन्ही चूक आहेत. आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंत जातो त्याला ‘गर्भस्राव’ म्हटलं आहे आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात जातो त्याला ‘गर्भपात’. पहिल्यात गर्भ वाहून जातो, दुसऱ्यात घट्ट झालेला गर्भ पडतो. ही नोंद डोळ्यांनी पाहून केलेली आहे. सुश्रुतानं उपमा दिली आहे ती फळाची. पिकलेलं फळ आपोआप देठातून सुटतं. पण कीड लागली, वारा सुटला किंवा मार बसला तर तेच फळ अवेळी गळतं. चरकाच्या शारीरस्थानात तर एक फारच नेमकी गोष्ट आहे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रक्त दिसलं तर तो गर्भ टिकणार नाही असं समजावं, कारण त्या काळात गर्भाला अजून बळकटी आलेली नसते, असा त्याचा आशय. त्यानंतरच्या महिन्यांतल्या रक्तस्रावावर मात्र तो सविस्तर उपचार सांगतो. म्हणजे लवकरच्या काळात आपल्या हातात फार नाही, हे त्या वैद्यानं मान्य केलं होतं. (दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रक्त दिसलं की गर्भ गेलाच, हे मात्र खरं नाही. त्याकडे पुढं येऊ.)

त्याच ग्रंथांत कारणांची यादीही आहे : राग, शोक, भीती, मैथुन, व्यायाम, वाहनातले हिसके, उपाशी राहणं, वेडंवाकडं बसणं. आणि गंमत पाहा, समाजानं काय उचललं? ‘हातात फार नाही’ हे विसरलं गेलं आणि यादी मात्र घराघरात पोचली. कारण यादीत दोष देता येतो. बाई रागावली, बाई चालली, बाईनं ऐकलं नाही.

लोकांचा आणखी एक खुलासा होता. पोट वाढलं आणि मग आपोआप ओसरलं, तर नैगमेषानं गर्भ हरण केला असं लोक म्हणतात, अशी नोंद सुश्रुतसंहितेत आहे. ‘लोक म्हणतात’ हे शब्द लक्षात घ्या. आपल्याकडे या नैगमेषाची जागा साती आसरांनी घेतली. विहिरीच्या काठाला, ओढ्याच्या वळणावर, डोहापाशी शेंदूर लावलेले सात दगड या भागात सगळ्यांनी पाहिलेत. पाण्याला गेलेल्या पोटुशीला आसरा धरतात, मग पोट टिकत नाही. आम्ही या समजुतीची टिंगल करणार नाही. तिन्हीसांजेला, डोक्यावर दोन घागरी घेऊन, निसरड्या काठावरून गर्भार सुनेला एकटीला पाण्याला पाठवू नका, हे सासूला सांगायची दुसरी सोय नव्हती. शिवाय आसरांनी धरलं म्हटलं की दोष निदान बाईवर येत नव्हता. पण ‘धरलं’ म्हटल्यावर देवऋषी येतो आणि रक्त जात असताना जो वेळ हातचा निघून जातो, तो परत मिळत नाही.

एकोणिसाव्या शतकात कायदा आला. भारतीय दंड संहिता १८६० साली झाली आणि १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३१२व्या कलमानं गर्भपात करवणं हा गुन्हा ठरला, आणि स्वतःच्या बाबतीत तो करणारी बाईही गुन्हेगार ठरली. बाईचा जीव वाचवण्यासाठी केलेला तेवढा वगळला. आता मराठीची अडचण बघा. आपोआप गेलेला तोही गर्भपात आणि मुद्दाम केलेला तोही गर्भपात. बोलीत ‘पडणं’ आणि ‘पाडणं’ असा एका कान्याचा फरक आहे, पण बाईकडे पाहणाऱ्या नजरेत तो राहत नाही. रक्त जाणारी बाई, त्यातून ती विधवा असली तर संपलंच. आपोआप गेलं यावर कोण विश्वास ठेवणार? अशी बाई दवाखान्यात जाण्याऐवजी अंधाऱ्या खोलीत पडून राहणं पसंत करत असे. त्या खोलीतच किती गेल्या, त्यांची गणती नाही.

याच काळात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. दोघांची मुळं सातारा जिल्ह्यातली : जोतीरावांच्या घराण्याचं गाव कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर नायगाव. या गृहाचा उल्लेख नेहमी नवजात मुलांच्या संदर्भात होतो आणि तो बरोबरच आहे. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गर्भार विधवेनं यावं, तिला कोणी जाब विचारणार नाही, तिची सोय होईल, असं उघडपणे सांगणारी ती जागा होती. बाईला आधी सांभाळायचं, चौकशी नंतर. हे तत्त्व आजच्याही किती प्रसूतिकक्षांत पाळलं जातं, ते तुम्हीच पाहा.

कायदा बदलायला एकशे दहा वर्षं लागली. शांतिलाल शहा समितीच्या अहवालानंतर १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला, १९७२ च्या एप्रिलपासून लागू झाला. पण भीती अजून शिल्लक आहे. आपोआप रक्त जायला लागलेल्या बाईला घेऊन येणारी माणसं आजही विचारतात, की पोलीस केस होणार का? तर स्पष्ट ऐका : आपोआप गर्भ जाणं हा गुन्हा नाही, कधीच नव्हता. आणि पहिल्या महिन्यांतली सोनोग्राफी गर्भ कुठं आहे, ठोके आहेत का, हे पाहण्यासाठी असते. मुलगा-मुलगी त्या वयात दिसतही नाही. तेव्हा त्या तपासणीला लपतछपत जायचं कारण नाही.

आता विज्ञानाकडे वळू. इथं गोष्ट फार झपाट्यानं बदलली. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे नक्की झालं १९५६ मध्ये. म्हणजे अगदी काल-परवा. १९६०च्या दशकात कॅनडात डेव्हिड कार यांनी आपोआप पडलेल्या गर्भांच्या पेशी तपासायला घेतल्या. पुढं पॅरिसमध्ये बुए दांपत्यानं असे दीड हजार गर्भ तपासले. निष्कर्ष असा निघाला की पहिल्या तिमाहीत गेलेल्या गर्भांपैकी निम्म्या किंवा त्याहूनही अधिक गर्भांत गुणसूत्रांची संख्या किंवा रचनाच चुकलेली होती. एखादं जास्त, एखादं कमी, कधी सगळा संचच तिप्पट. ही चूक बहुतेक वेळा बीज तयार होताना किंवा फलनाच्या वेळी होते. म्हणजे बाईची पाळी चुकण्याआधीच पुढचं ठरलेलं असतं. त्यानंतर तिनं हंडा उचलला, पसरणीचा घाट एसटीनं उतरली, नवऱ्याशी भांडली, पिकलेली पपई खाल्ली, यानं त्यात काही फरक पडत नाही. सुश्रुताच्या भाषेत सांगायचं तर वारा नाही, मार नाही. कीड बीजातच होती.

आणि हे किती वेळा घडतं? दिवस गेल्याचं कळलेल्या शंभर बायकांत दहा ते वीस जणींचा गर्भ आपोआप जातो, आणि त्यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. १९८८ मध्ये अमेरिकेत विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांची रोजची लघवी तपासून दाखवलं, की कळण्याच्या आधीच गेलेले गर्भही धरले तर हे प्रमाण ३१ टक्क्यांपर्यंत जातं. त्यातल्या कितीतरी जणींना फक्त ‘या वेळी पाळी चार दिवस उशिरा आली’ एवढंच वाटतं. आपल्या आज्यांना असंच वाटत होतं. आता आशाताईंकडे तपासणीचं किट असतं, पाळी चुकल्याच्या आठवड्यातच दोन रेघा दिसतात, आणि जे पूर्वी कळलंही नसतं त्याचं आता दुःख होतं. गर्भ जाण्याचं प्रमाण वाढलं असं वाटतं, त्यामागं हेही एक कारण आहे. दुसरं कारण वयाचं. पंचविशी ते तिशीत शंभरात दहाच्या आसपास, तर पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून जास्त, असा चढ आहे.

कारण कळलं नाही की माणूस उपाय शोधतोच, आणि या शोधाचा एक काळा अध्याय सांगितल्याशिवाय आम्हाला पुढं जाता येत नाही. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम संप्रेरक १९४० च्या दशकात अमेरिकेत गर्भ टिकवणारी गोळी म्हणून दिलं जाऊ लागलं. बोस्टनच्या स्मिथ पती-पत्नींनी त्याचा पुरस्कार केला. १९५३ मध्ये शिकागोला रीतसर तुलना झाली, अर्ध्या बायकांना औषध, अर्ध्यांना साधी गोळी; फायदा शून्य. तरी डॉक्टर लिहून देत राहिले, कारण रडणाऱ्या बाईला रिकाम्या हातानं पाठवणं जड जातं. १९७१ मध्ये उघड झालं, की ज्या मुली त्या वेळी पोटात होत्या त्यांच्यातल्या काहींना ऐन तारुण्यात योनीचा दुर्मीळ कर्करोग झाला. गर्भ टिकवण्याचं इंजेक्शन द्याच, असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी ही गोष्ट ऐकून ठेवावी. प्रोजेस्टेरॉन वेगळं आहे, ते शरीरातलंच. त्याची मोठी चाचणी इंग्लंडमध्ये झाली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली : चार हजारांवर बायका, रक्त जात असताना औषध दिलेल्यांत ७५ टक्के बाळंतपणापर्यंत पोचल्या, न दिलेल्यांत ७२ टक्के. फरक योगायोगाइतकाच. ज्यांचे आधी गर्भ गेले होते आणि आता रक्त जात होतं, त्यांना मात्र काही उपयोग दिसला. तेव्हा हे औषध कोणाला द्यायचं ते डॉक्टरांनी ठरवायचं. पलंगावर सक्तीनं झोपवून ठेवल्यानं गर्भ टिकतो, याला तर पुरावाच नाही. बाईला बरं वाटत असेल तर तिनं पडावं. शिक्षा म्हणून नको.

मग हातात काहीच नाही का? आहे, आणि त्यातलं एक कारण पाचगणीच्या मातीशीच जोडलेलं आहे. डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये इथं बेल-एअर सॅनेटोरियम काढलं, ते क्षयाच्या रोग्यांसाठी. औषध नव्हतं, होती ती हवा, विश्रांती आणि दूध. क्षय झालेल्या मुलीनं लग्न करू नये, लग्न झालेलीनं मूल होऊ देऊ नये, हा त्या काळातला वैद्यकीय सल्ला होता. आनंदीबाई जोशी आठवतात. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, त्या दुःखातून डॉक्टर व्हायला निघाल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेताना प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात क्षयानं गेल्या. छातीतला क्षय आपल्याला ठाऊक असतो. पण तो गर्भाशयात आणि गर्भनलिकेतही जाऊन बसतो, खोकला नसतानाही. नलिका खराब झाली की एक तर दिवस राहत नाहीत, किंवा गर्भ नलिकेतच रुजतो. आता क्षयाला औषध आहे, ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, आणि वेळेत पूर्ण केलं तर नुकसान टळू शकतं.

बाकी सुधारता येण्यासारखी कारणं थोडक्यात सांगतो. थायरॉईड बिघडलेली असणं, मधुमेह आटोक्यात नसणं, हिवताप आणि मोठा ताप, गर्भाशयात जन्मतः पडदा असणं, आणि रक्ताच्या गुठळ्या करणारा अँटिफॉस्फोलिपिड नावाचा विकार. हा शेवटचा महत्त्वाचा, कारण तो सापडला तर उपचारानं खूप फरक पडतो. एकदा गर्भ गेला म्हणून या सगळ्या तपासण्या करत बसण्याची गरज नसते. दोनदा-तीनदा गेला तर मात्र कराव्यात, आणि नवऱ्यानंही बरोबर जावं. तंबाखू हा आणखी एक विषय. आपल्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून आपण निश्चिंत असतो आणि सकाळी न्हाणीघरात मिश्रीचा डबा उघडतो. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. तिचं निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं, पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, बाळाचं वजन कमी होतं, मूल अवेळी जन्मतं. गर्भार सुनेला पपई वर्ज्य आणि मिश्री चालते, हा आपला न्याय आम्हाला तरी कळलेला नाही.

आता धोक्याच्या खुणा. ही गोष्ट नीट लक्ष देऊन ऐका, टिपून घ्यायची असेल तर घ्या.

पहिल्या तीन महिन्यांत थोडं रक्त दिसणं हे चार बायकांत एकीला होतं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींचा गर्भ टिकतो. म्हणजे चरकानं सांगितलं तितकं ते निराशाजनक नाही. कापडावर डाग पडला म्हणून आक्रोश करायचा नाही, पण घरात लपवूनही ठेवायचं नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवायचं. सोनोग्राफीत सहा-सात आठवड्यांना ठोके दिसू लागतात. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ही पद्धत जगापुढं आणली, त्याआधी वाट पाहण्याखेरीज मार्ग नव्हता. ठोके दिसले तर मन बरंच शांत होतं. कधी तारखा चुकलेल्या असतात आणि ठोके दिसायला वेळ लागतो, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावतात. डॉक्टर टाळतात असं समजू नका.

लगेच, म्हणजे रात्री दोन वाजले तरी निघायचं, ते केव्हा? रक्त इतकं जातंय की तासाला दोन मोठे पॅड भिजतायत आणि असं लागोपाठ दोन तास चाललंय. मोठ्या गाठी पडतायत, चक्कर येतेय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, अंग गार पडतंय. ओटीपोटात एकाच बाजूला तीव्र कळ आहे. खांद्याच्या टोकाला दुखतंय. ही खांद्याची खूण विचित्र वाटेल, पण ती सगळ्यात घातक गोष्टीची असू शकते : गर्भ नलिकेत रुजून नलिका फुटली, की रक्त पोटात साचतं आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. बाहेर रक्त थेंबभरच दिसतं, त्यामुळं घरचे म्हणतात ‘फार नाही जात’. १८८३ मध्ये बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी फुटलेली नलिका काढून बाई वाचवण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्याआधी अशा बायका बहुधा मरतच. आज वेळेवर टेबलावर पोचलेली बाई वाचते. पाचगणीहून किंवा खालच्या जावळीच्या वाड्यांतून पोचायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणून १०८ ला फोन आधी, कपडे बांधायचं नंतर. आणि फोनवर ‘दिवस गेलेत आणि चक्कर येऊन पडली’ हे वाक्य स्पष्ट बोला.

दुसरी जीवघेणी गोष्ट म्हणजे अर्धवट राहिलेला गर्भ आणि त्यात झालेला जंतुसंसर्ग. थंडी वाजून ताप, घाण वास, पोट दाबलं की दुखणं. गर्भ गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत असं काही झालं तर थांबायचं नाही. ‘साफ झालंय, आता काढा देऊ’ म्हणून घरी ठेवलेल्या बायका याच तापानं जात.

काही वेळा रक्त जातच नाही. मळमळ एकदम थांबते, स्तनांतला ताण जातो, आणि तपासणीत कळतं की ठोके थांबलेत. मळमळ तशीही दहाव्या-बाराव्या आठवड्यानंतर कमी होतेच, म्हणून त्या एका खुणेवरून घाबरू नये, दाखवावं. उलट मळमळ प्रमाणाबाहेर, पोट दिवसांच्या मानानं मोठं आणि तांबूस-काळसर रक्त असेल तर द्राक्षगर्भाची शंका येते. त्याचा पाठपुरावा पुढं कित्येक महिने करावा लागतो. काही पडलं तर ते स्वच्छ डब्यात ठेवून डॉक्टरांना दाखवावं, फेकून देऊ नये. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. १९६८ पासून त्यावर इंजेक्शन मिळतं. पुढच्या बाळासाठी ते लागतं का, हे डॉक्टर ठरवतील, पण ते पहिल्या ७२ तासांत ठरावं लागतं.

आता शेवटचा भाग, कामाचा. डॉ. आंबेडकरांचं बालपण साताऱ्यात गेलं. त्यांच्या आई भीमाबाई १८९६ मध्ये तिथंच वारल्या. बाबासाहेब त्यांचं चौदावं अपत्य. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती भत्त्याचं विधेयक आलं, त्याला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढं १९६१ चा देशभराचा प्रसूती लाभ कायदा आला. त्याचं नववं कलम फार थोड्यांना ठाऊक होतं : गर्भ गेला तर त्या दिवसानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा. या सभागृहात शाळांत, बँकांत काम करणाऱ्या भगिनी आहेत. तुमच्यापैकी कोणी ती मागितली आहे का? बहुतेकींनी ‘ताप आला’ म्हणून दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली असणार.

आणि खाली, कृष्णेच्या काठानं सांगलीपर्यंत, दिवाळीनंतर ऊसतोडीला येणाऱ्या बीडकडच्या बायका. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, पहाटे तीनला गाडी भरायला जायचं. एक दिवस गेलं नाही तर मुकादम खाडा धरतो. त्यांच्यातल्या कितीतरी जणींची गर्भाशयं काढली गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, सरकारला समिती नेमावी लागली. अशा बाईचा दुसऱ्या महिन्यातला गर्भ गेला तर सहा आठवडे सोडा, ती दुसऱ्या दिवशी फडात असते. मघाशी सांगितलं की ओझं उचलल्यानं बहुतेक गर्भ जात नाहीत. ते खरं आहे, आणि त्याचा आधार घेऊन कोणी म्हणू नये की मग तिला विश्रांती कशाला. रक्त गेलेल्या, अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईला ती तिच्या स्वतःच्या जिवासाठी हवी. पाचगणी-भिलारच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत दिवसभर वाकून तोडणी करणाऱ्या बायकांनाही हेच लागू. त्यांनी फवारणीच्या दिवशी तरी रानात थांबू नये.

दोन चिठ्ठ्या आल्यात, त्या घेतो आणि थांबतो.

पहिली : ‘तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगू नये म्हणतात, ते बरोबर का?’ ही प्रथा गर्भ जाण्याच्या भीतीतूनच आली आहे. कोणाला सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण निदान एका माणसाला तरी माहीत असू द्या, म्हणजे रात्री रक्त गेलं तर घरात कोणाला उठवायचं हा प्रश्न पडणार नाही. आणि आशाताईंना पहिल्याच महिन्यात सांगा. त्या नोंद करतील, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतील.

दुसरी : ‘गर्भ गेल्यावर पुन्हा दिवस कधी राहू द्यावेत?’ सहा महिने थांबावं असं पूर्वी सांगत. नंतरच्या अभ्यासांत लवकर दिवस राहिल्यानं तोटा दिसलेला नाही. रक्त थांबलेलं असावं, हिमोग्लोबिन तपासलेलं असावं, एखादी पाळी येऊन गेली तर तारीख मोजायला सोपं जातं, आणि द्राक्षगर्भ किंवा नलिकेतला गर्भ असेल तर डॉक्टर सांगतील तितकं थांबावं. बाकी तिचं मन केव्हा तयार होतं ते तिला विचारा. चिठ्ठी बहुधा सासूबाईंची आहे, अक्षरावरून वाटतंय. तर सूनबाईंनाच विचारा.